पालकच जेव्हां वारस असतो

असमर्थ वारसाचा सांभाळ जवळच्या आप्ताकडे सोंपविण्याची चाल आपल्यांत जुनी आहे. परंतु तोच आप्त पुढचा वारस असला म्हणजे काय होतें, हें नागपूरच्या वाड्यानें पाहिलें आहे.

२२ मार्च १८१६ रोजीं दुसरे रघूजी भोसले निवर्तले व गादी पुत्र परसोजींकडे आली. परसोजी दृष्टीनें अधू, अर्धांगवायूनें जर्जर. पालकत्व मिळविलें चुलतबंधु आप्पासाहेबानें. आणि परसोजींच्या मागें गादीवर हक्क त्याचाच! ज्याच्या मरणांत आपला लाभ, त्याचाच जीव हातीं!

बाकाबाईंच्या पक्षाचा आधार धर्माजी भोसले. त्यांस प्रथम कैद झाली, मग मृत्यु. वाड्यांत तोंड उघडण्याची छाती कोणास उरली असेल? मे महिन्यांत तैनाती फौजेचा तह करून आप्पासाहेबानें इंग्रजांचीही पाठराखण मिळविली. पुढें तो चांद्याकडे गेला, आणि १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळीं परसोजी अंथरुणांत मृत आढळले. पालक गांवांत नव्हता, मग संशय कोणाचा घ्यावा? रेसिडेंट जेन्किन्ससाहेबांच्या दरबारीं त्याचीच गादी मान्य झाली.

खुनाचा पुरावा उजेडांत आला १८१८ सालीं. म्हणजे सीताबर्डीच्या लढाईनंतर, आप्पासाहेब इंग्रजांवर उलटल्यावर! तोंवर परसोजींच्या पत्नी काशीबाई सती जाऊन वर्ष लोटलें होतें.