बीव्हर परतला, पाणथळ जमिनीही परतल्या

ब्रिटनच्या नद्यांतून सुमारे चारशे वर्षांपूर्वी नामशेष झालेला बीव्हर हा प्राणी आता पुन्हा तेथे वास्तव्यास येत आहे. त्याच्यापाठोपाठ पाणथळ जमिनी आणि त्यांवर जगणारी जीवसृष्टीही परतू लागली आहे. मात्र शेतकऱ्यांशी त्याचे कसे जमवायचे, हा प्रश्न या प्रयोगाइतकाच महत्त्वाचा ठरला आहे.

बीव्हर हा उंदीर-खारीच्या कुळातील, वीस ते तीस किलो वजनाचा प्राणी. भारतात तो आढळत नाही. तो मासे खात नाही; झाडांच्या साली, कोवळ्या फांद्या आणि पाणवनस्पती हे त्याचे अन्न. शत्रूपासून बचाव व्हावा म्हणून त्याला आपल्या घराचे दार पाण्याखाली हवे असते. ओढा उथळ असेल, तर दातांनी झाडे पाडून, फांद्या आणि चिखल रचून तो बांध घालतो. पाणी अडते, तळे होते आणि आजूबाजूची जमीन ओलसर राहू लागते.

फर, मांस आणि शेपटीजवळील ग्रंथींतून मिळणारा सुगंधी स्राव यांसाठी बीव्हरची अमर्याद शिकार झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी युरोप व आशियात मिळून जेमतेम बाराशे बीव्हर उरले होते. स्कॉटलंडमध्ये मे २००९ मध्ये नॉर्वेहून आणलेली बीव्हर कुटुंबे नॅपडेलच्या जंगलात सोडण्यात आली. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातील ऑटर नदीवर २०१५ पासून पाच वर्षे अधिकृत चाचणी झाली. २०२० मध्ये तेथील बीव्हरना कायम राहू देण्याचा निर्णय झाला.

फायद्याचा सर्वांत ठोस पुरावा डेव्हनमधीलच एका कुंपणबंद जागेत मिळाला. २०११ मध्ये तेथे एक जोडी सोडण्यात आली. तिच्या कुटुंबाने एका लहानशा ओढ्यावर १३ तळी निर्माण केली. एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा या तळ्यांनी शंभर टनांहून अधिक गाळ अडविल्याचे आढळले. त्यातील बराचसा गाळ वरच्या बाजूच्या शेतजमिनीतून वाहून आलेला होता. बेडकांच्या अंड्यांचे पुंजके २०११ मध्ये दहा होते. २०१६ मध्ये ते पाचशेहून अधिक झाले. बेडूक वाढले की त्यांवर जगणारे पक्षीही येतात. पाऊस कोसळला की ही तळी पाणी धरून ठेवतात, त्यामुळे खालच्या गावांकडे जाणारा लोंढा मंदावतो. उन्हाळ्यात तेच पाणी हळूहळू झिरपत ओढा वाहता ठेवते.

परंतु सपाट, सुपीक जमिनीत हाच गुण अवगुण ठरतो. स्कॉटलंडमधील टे नदीच्या खोऱ्यात पूर्वीच विनापरवाना सुटलेले बीव्हर वाढले होते. शेतातील पाण्याचा निचरा करणारे चर त्यांनी तुंबविले, पूररोधक बंधाऱ्यांत बिळे खणली. मे २०१९ मध्ये स्कॉटलंडने बीव्हरला संरक्षण दिले. पण नुकसान टाळण्यासाठी मारण्याचे परवानेही ठेवले. त्या वर्षीच ८७ बीव्हर गोळीला बळी पडले, २०२० मध्ये ११५. संरक्षित प्राण्याची ही संख्या पाहून संताप व्यक्त झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील सरकारने, नको त्या ठिकाणचे बीव्हर पकडून अन्यत्र हलविण्यास प्रोत्साहन देण्याचे धोरण जाहीर केले.

या धोरणाला जोड मिळते ती साध्या उपायांची. बांधातून पाइप टाकून तळ्याची पातळी ठरावीक ठेवता येते. मोलाच्या झाडांच्या बुंध्याला जाळी गुंडाळता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर पश्चिम लंडनमधील ईलिंग येथे स्कॉटलंडहून आणलेले पाच जणांचे बीव्हर कुटुंब सोडण्यात आले. शेतात अडचण ठरणारा प्राणी महानगरात पुराचे पाणी रोखण्यासाठी बोलाविला गेला. इंग्लंडमध्ये २०२२ पासून बीव्हरला कायद्याचे संरक्षण आहे. मार्च २०२५ मध्ये डॉर्सेटमधील पर्बेक येथे रीतसर परवान्यानिशी बीव्हर प्रथमच मोकळ्या निसर्गात सोडण्यात आले.

येथे एक इशाराही लक्षात घ्यावा लागेल. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला १९४६ मध्ये फरच्या व्यवसायासाठी उत्तर अमेरिकेतील बीव्हर सोडले गेले. तेथे तो कधीच नव्हता. तेथील झाडांना त्याची सवय नव्हती. परिणामी नदीकाठची जंगले उजाड झाली. ब्रिटनमधील प्रयोग वेगळा आहे, कारण तेथे बीव्हर आपल्या मूळ घरी परतत आहे. त्याचे घर शाबूत राहायचे, तर ज्यांच्या शेताला पाणी लागते त्या शेतकऱ्यांना वेळेवर मदत आणि भरपाई मिळणे आवश्यक आहे. पाणथळ जमिनीचा लाभ साऱ्या समाजाला होणार असेल, तर तिचा भुर्दंड एकट्या शेतकऱ्याने सोसावा, हे न्याय्य नव्हे.