मुठीतले लोखंड आणि रक्तातले लोह

तापाने फणफणलेल्या मुलाला आकडी आली की आपल्या वस्त्यांतून आजही काही उपाय हमखास होतात. कुणी नाकाशी कांदा फोडतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी दातांत चमचा घालतो. कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा नाही तर लोखंडाचा तुकडा कोंबतो. दोनचार मिनिटांत आकडी थांबते आणि श्रेय किल्लीला मिळते, भगताला मिळते. वास्तविक तापातली बहुतेक आकडी आपोआपच थांबणारी असते. चप्पल हुंगवली नसती तरीही ती थांबलीच असती.

पण लोखंडाच्या या उपायात एक विचित्र योगायोग आहे. गेली तीस वर्षे वैद्यकशास्त्रही आकडी आणि लोह यांचा संबंध तपासत आहे. हे लोह मुठीतले नाही, मुलाच्या रक्तातले आहे. आणि ते रक्तात का नाही, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

तापातली आकडी म्हणजे काय? सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या मुलाला ताप चढला असता, मेंदूला जंतुसंसर्ग झालेला नसताना येणारे झटके. मूल बेशुद्ध होते, डोळे फिरवते, हातपाय ताठ होऊन झटकू लागतात. युरोप-अमेरिकेत शंभरांतल्या २ ते ५ मुलांना ती येते. दीड वर्षाच्या आसपास तिचे प्रमाण सर्वांत जास्त असते. एकदा येऊन गेलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांना ती पुन्हा येते. पण साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही, बुद्धी मंदावत नाही आणि फार थोड्या मुलांत पुढे मिरगी उद्भवते. 'या मुलाला फेफरे आहे' असा शिक्का मारून त्याला शाळेपासून दूर ठेवणे हा अज्ञानातून होणारा अन्यायच होय.

आता लोहाकडे वळू. शरीरातले सुमारे दोनतृतीयांश लोह हिमोग्लोबिनमध्ये असते आणि ते प्राणवायू वाहून नेते, एवढे आपण शाळेत शिकतो. पण लोहाचे काम तेवढ्यावर संपत नाही. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रासायनिक द्रव्यांमार्फत. ती द्रव्ये घडवणाऱ्या काही विकरांना लोह लागते. मज्जातंतूंवरचे आवरण तयार होण्यासही लोह लागते. मेंदू झपाट्याने वाढत असताना, म्हणजे पहिल्या दोन वर्षांत, लोहाचा तुटवडा पडला तर हा कारभार विस्कळीत होतो. असा मेंदू तापाच्या तडाख्याला लवकर बळी पडत असावा, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

या अनुमानाला आधार काय? १९९६ साली इटलीतली एक पाहणी प्रसिद्ध झाली. आकडी आलेल्या लहान मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना रक्तक्षय होता. आकडीविना रुग्णालयात आलेल्या मुलांत हे प्रमाण १४ टक्के आणि बाहेरच्या निरोगी मुलांत १२ टक्के होते. कॅनडातल्या २००९ च्या पाहणीत आकडीच्या मुलांपैकी ९ टक्क्यांत लोहाची कमतरता आढळली, नुसता ताप असलेल्यांपैकी ५ टक्क्यांत. केरळमधल्या २०१२ च्या पाहणीत हीच प्रमाणे अनुक्रमे सुमारे ६४ आणि २५ टक्के आली. उलट, १९९५ च्या एका छोट्या अमेरिकन पाहणीने लोहाची कमतरता आकडीपासून बचावच करते की काय, अशी शंका काढली होती. पुढे अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा पारडे पहिल्या बाजूला झुकले: लोह कमी असेल तर आकडीचा धोका वाढतो.

येथे दोन गोष्टींचे भान ठेवले पाहिजे. ज्या वयात आकडी अधिक येते त्याच वयात लोहही अधिक कमी असते. म्हणून एकाच वयाच्या मुलांची तुलना केल्याखेरीज निष्कर्ष काढता येत नाही. दुसरे असे की, लोहाचा साठा ओळखण्यासाठी फेरिटिन नावाचे प्रथिन मोजतात आणि तापात ते आपोआप वाढते. म्हणजे साठा रिकामा असतानाही तपासणीत तो भरलेला दिसू शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या निरोगी मुलासाठी १२ ही सीमा धरली आहे आणि संसर्ग असलेल्यासाठी ३०. शिवाय दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. लोह दिले की आकडी येणारच नाही, अशी हमी कोणीही देऊ नये.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण आकडी आली नाही तरी लोहाची कमतरता मुलाचे नुकसान करीतच असते. त्याची वाढ, त्याचे लक्ष, त्याचे शिकणे यांवर ती घाला घालते. आकडीने घर हादरते. रक्तक्षय मात्र निमूटपणे काम करतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली; २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ५३.८ टक्के होते. ही तपासणी बोटाच्या रक्ताची. शिरेतून रक्त घेऊन झालेल्या २०१६-१८ च्या देशव्यापी पोषण पाहणीत एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण सुमारे ४१ टक्के आणि लोहाच्या कमतरतेचे सुमारे ३२ टक्के आले. आकडे पद्धतीनुसार बदलतात. पण कमीतला कमी आकडा धरला तरी तो शरमेने मान खाली घालायला लावणारा आहे.

ही कमतरता येते कोठून? मूल लोहाचा पहिला साठा आईकडून घेऊन जन्मते. तो सुमारे सहा महिने पुरतो, कारण आईच्या दुधात लोह अल्पच असते. आई स्वतःच रक्तक्षयाने पिवळी पडलेली, मूल कमी वजनाचे, तर साठा आधीच तोकडा. २०१९-२१ मध्ये देशातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईचे दारिद्र्य असे रक्तातून पुढच्या पिढीत उतरते. सहा महिन्यांनंतर बाळाला काय मिळते? चहात बुडवलेले बिस्कीट, भाताची पेज. चहा तर अन्नातले लोह अंगी लागूच देत नाही.

भाज्या, बाजरी, डाळी, हळीव यांत लोह असते, पण शरीर त्यातले थोडेच शोषून घेते; सोबत लिंबू, पेरू, आवळा असेल तर अधिक घेते. मांस, काळीज, रक्त यांतले लोह मात्र सहज शोषले जाते. रक्ती, वजडी, चान्या या आपल्या घरातल्या अन्नाला या देशाने 'अपवित्र' ठरवले आणि ते खाणाऱ्यांना गावाबाहेर ठेवले. पोषणाच्या कसोटीवर यातली रक्ती आणि काळीज लोहाची उत्तम साधने ठरतात. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले एक स्वस्त अन्न गेले. एका कायद्यावर सगळ्या रक्तक्षयाचे खापर फोडण्याचे कारण नाही. पण कोणी काय खावे हे दुसऱ्याने ठरवले की त्याची किंमत पहिल्याने मोजावी लागते, एवढे तरी मान्य करायला हवे.

आता कामाचे बोलू. १९७० पासून या देशात रक्तक्षय प्रतिबंधाचा सरकारी कार्यक्रम आहे. २०१८ च्या 'अॅनिमिया मुक्त भारत' योजनेनुसार सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचे सिरप द्यायचे असते. त्यात २० मिलिग्रॅम लोह असते. बाटली आशाताईंकडून मिळते. ती घराघरांत पोहोचते का, हे आपण विचारले पाहिजे. ऊसतोड कामगाराच्या मुलाचे नाव गावच्या यादीत असते आणि मूल कारखान्याच्या तळावर. त्याची बाटली कोणाच्या कपाटात राहते? सिरपने शौच काळी होते, म्हणून आया घाबरून औषध बंद करतात. हे आधीच सांगून ठेवावे. अंगात ताप असताना किंवा मूल आजारी असताना सिरप थांबवावे, बरे झाल्यावर पुन्हा सुरू करावे. विदर्भात आपल्या आणि आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो; तेथे प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच समजू नये. ज्या मुलाला वारंवार रक्त द्यावे लागते त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह देऊ नये.

आणि आकडी आलीच तर? मुलाला कुशीवर वळवावे. तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. घट्ट धरू नये. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. पुन्हा आकडी आली, एकाच अंगाला आली, मान ताठ झाली, मूल शुद्धीवर येईना किंवा ते सहा महिन्यांहून लहान असेल, तर क्षणाचाही विलंब नको. तो मेंदूज्वर किंवा मलेरिया असू शकतो. आकडी लवकर थांबली तरी पहिल्या खेपेस डॉक्टरांना दाखवावेच आणि त्याच वेळी रक्त तपासण्याचा आग्रह धरावा. पॅरासिटामॉलने मुलाला बरे वाटते, पण पुढची आकडी टळत नाही, हेही आईबापांना सांगावे. म्हणजे ते स्वतःला दोष देणार नाहीत.

भगताला हटवायचे असेल तर नुसती टवाळी पुरत नाही. त्याच्या जागी कोणीतरी उभे राहावे लागते: ताप मोजणारे, बाटली पोहोचवणारे, अंगणवाडीत आणि उपकेंद्रात हिशोब मागणारे. आपल्या वाचकांपैकी प्रत्येक शिक्षकाने आपल्या वस्तीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची एक यादी केली आणि कोणाला सिरप मिळते, कोणाला मिळत नाही एवढे जरी लिहून काढले, तरी कामाला सुरुवात होईल. मुठीतली किल्ली काढून घेताना त्या मुलाच्या रक्तात लोह पोहोचवण्याची जबाबदारी आपल्यावर येते.