सिमेंटवरची चाकं, बर्फावरची कड

फिगर स्केटिंग म्हटलं की डोळ्यांसमोर उडी येते, पण या खेळाचा पाया उडी नाही, कड आहे. बुटाखालची ब्लेड साधारण ४ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या तळाला लांबीभर उथळ पन्हळ असते. त्यामुळे बर्फावर टेकतात त्या दोन बारीक कडा, एक आतली, एक बाहेरची. ब्लेड पुढून मागे किंचित कमानदार असल्याने एका वेळी तिचा थोडाच भाग बर्फाला लागतो. अंग एका बाजूला कललं की त्या बाजूची कड बर्फ धरते आणि वाट आपोआप वळते. दोन पाय, दोन कडा आणि पुढे-मागे अशा दोन दिशा मिळून आठ वाटा होतात, आणि पुढचं सगळं स्केटिंग या आठांतून घडतं. ‘फिगर’ हे नावही कडेनं बर्फावर कोरलेल्या आकृत्यांचं. १९९० पर्यंत जागतिक स्पर्धांत त्या आकृत्यांचे वेगळे गुण होते.

वसई-विरारमध्ये ही विद्या चाकांवरून शिकावी लागते. इथे पाणी कधी गोठत नाही. वर्षभर दमट हवा आणि चार महिने धो धो पाऊस. खाडीपलीकडे गोराईला एस्सेलवर्ल्डमध्ये एकेकाळी बर्फाची रिंक होती, तीही मुख्यतः सहलीला आलेल्यांसाठी. म्हणून तिशी-चाळिशीत हा छंद लागलेल्या माणसाचा सराव पहाटे सोसायटीच्या सिमेंटवर, क्वाड (दोन-दोन चाकांच्या जोड्यांच्या) किंवा इनलाइन (एका रांगेतल्या चाकांच्या) स्केट्सवर चालतो. ही नुसती तडजोड नव्हे. आर्टिस्टिक रोलर स्केटिंग हा स्वतंत्र, जुना खेळ आहे आणि २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत भारतानं त्यात दोन कांस्यपदकं मिळवली आहेत. एका पायावरचा तोल, वाकलेला गुडघा, खांदे आणि कंबर वेगवेगळ्या दिशांना वळवण्याची सवय, वळणावर एक पाय दुसऱ्यावरून टाकणं म्हणजे क्रॉसओव्हर, मागे जाताना मान वळवून पाहणं, हे सगळं चाकांवरून बर्फावर जसंच्या तसं जातं.

काही सवयी मात्र मोडाव्या लागतात. क्वाड स्केट्सना पुढे रबरी स्टॉपर असतो आणि थांबायचं म्हणजे बोटं टेकायची, हे पायात मुरलेलं असतं. बर्फावर पुढे जाताना तसं केलं की ब्लेडच्या टोकाचे दात, म्हणजे टो पिक, बर्फात रुततात आणि माणूस तोंडावर पडतो. चाक सिमेंटला घट्ट धरतं. बर्फावर घर्षण इतकं कमी की जोर थोडा तिरपा लागला तरी पाय निसटतो. त्यामुळे रोलरवर सफाईनं फिरणारासुद्धा पहिले काही तास कठडा सोडत नाही.

प्रौढांची खरी अडचण भीती आहे, आणि ती रास्त आहे. हाडं मुलांसारखी लवचीक नसतात आणि मनगट मोडलं तर महिनाभर कामावर जाणं अवघड. म्हणून पहिला धडा पडण्याचा: गुडघे वाकवून खाली बसत जायचं, कुशीवर किंवा पार्श्वभागावर पडायचं, हात मागे टेकायचा नाही. पडल्यावर बोटांच्या मुठी वळून घ्यायच्या, शेजारून ब्लेड जात असते. उठताना आधी एक गुडघा, मग दुसरा पाय. हा धडा अंगवळणी पडेपर्यंत थ्री टर्नची घाई करू नये. थ्री टर्नमध्ये एकाच पायावर दिशा बदलते आणि कडही बदलते. बर्फावर उमटलेली रेघ इंग्रजी ३ च्या आकड्यासारखी दिसते. शिकणाऱ्यानं थांबून ती रेघ पाहावी. टोकाशी बर्फ खरवडलेला असेल तर वजन मागे राहिलं किंवा खांदे उशिरा वळले, हे रेघच सांगते.

उड्या सहा: टो लूप, साल्काव, लूप, फ्लिप, लट्झ आणि अॅक्सल. त्या ओळखायच्या त्या उड्डाणाच्या कडेवरून आणि टो पिक टेकतो की नाही यावरून. पाच उड्या मागे जाताना घेतात. अॅक्सल तेवढा समोर तोंड करून, म्हणून त्यात अर्धा फेरा जास्त. एकेरी उडीत हवेत जेमतेम अर्धा सेकंद मिळतो आणि उतरताना एका पायावर वजनाच्या कित्येक पट भार येतो. याची तयारी जमिनीवर होते: एका पायावरच्या बैठका, पोटरीचे व्यायाम, दोरीच्या उड्या, आणि चटईवर हात छातीशी बांधून मारलेल्या गिरक्या. वसईतल्या सुरुची किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत अनवाणी चालण्यानं घोट्याला बळ येतं.

ब्लेडची निगा स्वतःच करावी. बर्फावरून उतरताच ती कोरड्या फडक्यानं पुसायची, नाहीतर आपल्या दमट हवेत रात्रीत गंज धरतो. धार लावून आणल्यावर दोन्ही कडांवर आडवं नाणं ठेवून पाहावं: ते एका बाजूला झुकलं तर कडा समपातळीत नाहीत, आणि अशा ब्लेडवर कितीही सराव केला तरी एक वळण चुकतच राहणार.

बर्फासाठी प्रवास अटळ आहे. सिमल्यात १९२० पासून थंडीत नैसर्गिक बर्फाची रिंक चालते, गुरुग्रामला मॉलमध्ये रिंक आहे आणि देहरादूनला २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी पूर्ण मापाची रिंक बांधली गेली. इतक्या लांब जाऊन मिळणारे मोजके तास उड्यांवर उधळण्यापेक्षा कडांवर घालवलेले बरे. उड्यांची ताकद घरी कमावता येते, बर्फाची घसरण घरी मिळत नाही. स्पर्धेची दारंही प्रौढांना उघडी आहेत. जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फला २००५ पासून आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाची प्रौढांची स्पर्धा होते. वयाची अट तिथे उलटी आहे: किमान २८ वर्षं पूर्ण हवीत, आणि उतरणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेलेही असतात.