शीळ नेमकी केव्हा वाजते?

आपल्या मोटारीच्या आवाजांची मालकाला इतकी सवय झालेली असते की, त्यांत एखादा नवा सूर मिसळताच तो कानाला खटकतो. 2019 च्या हिवाळ्यात आमच्या जुन्या पेट्रोल गाडीने अशीच शीळ घालावयास प्रारंभ केला. मी तेव्हा इंदूरच्या शाखेत होतो. सकाळी गाडी सुरू केली की बारीक, एकसुरी शीळ वाजू लागे. वेग घेतला की ती विरून जाई आणि सिग्नलपाशी थांबताच पुन्हा हजर!

पहिल्या गॅरेजमध्ये दोन मिनिटांत निदान झाले : पट्टा झिजला आहे. नवा पट्टा बसला. शीळ कायम राहिली. दुसऱ्या गॅरेजने अल्टरनेटर बदलावयास सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घरी आणली. दिवसअखेर हिशेब जुळला नाही, तर आम्ही बँकवाले खतावणी बदलत नाही. फरक कोणत्या नोंदीपासून पडला ते शोधतो. गाडीच्या बाबतीत मात्र मी हे साफ विसरलो होतो.

शीळ कोठून येते, हे बॉनेटखालच्या गोंगाटात चटकन कळत नाही. ती केव्हा येते, हे मात्र कोणालाही टिपता येते. पट्ट्याची किंचाळी बहुधा थंड इंजिन सुरू करताना किंवा दिवे, वातानुकूलन यांचा भार पडताच ऐकू येते. पट्ट्यावर दुरून पाण्याचा हलका फवारा मारला असता आवाज क्षणभर बदलला, तर दोष पट्ट्यात किंवा त्याच्या ताणात असतो. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत चढावर शीळ वाढली आणि सोबत जोर कमी होऊन काळा धूर येऊ लागला, तर हवेची एखादी नळी सैल झाली किंवा फाटली असण्याचा संभव असतो. (हे सारे करताना गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला आणि ओढणी, टाय, सैल बाह्या पंख्यापासून दूर असाव्यात. चीर शोधण्यासाठी तापल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याचा अघोरी उपाय तर कोणीच करू नये.)

आमची शीळ यांपैकी कशातच बसत नव्हती. इंजिन मंद चालत असताना पेट्रोल गाडीतील थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. सिलिंडर हवा ओढत राहतात आणि झडपेच्या पलीकडे दाब बाहेरच्यापेक्षा बराच कमी होतो. अशा वेळी तेथील रबरी नळीला किंवा सीलला बारीकशी चीर असली, तरी बासरीत फुंकर मारावी तशी हवा तीतून आत घुसते. झडप उघडली की दाबांतील फरक घटतो आणि शीळ मंदावते. म्हणजे आमच्या गाडीत कोठेतरी हवा शिरत होती. पण कोठे?

उत्तर सौभाग्यवतींनी दिले. पलासियाच्या सिग्नलवर त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवला की हिचा सूर बदलतो." मी दोनचार वेळा पाय उचलून पाहिला. खरेच होते.

पेट्रोल गाडीत ब्रेक दाबण्यास मदत करणारा बूस्टर याच कमी दाबावर चालतो. घरी सपाट जागी गाडी उभी करून चाचणी घेतली. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबले आणि पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केले. बूस्टर ठीक असेल, तर या वेळी पेडल किंचित खाली जाते. आमचे जागचे हलले नाही.

त्या रविवारी आम्ही ओंकारेश्वरला निघणार होतो. सिमरोलपुढचा भेरूघाट, मागे आईवडील बसलेले आणि उतारावर दगडासारखे पेडल! बूस्टर निकामी झाला तरी ब्रेक लागतात, पण पायाला कितीतरी अधिक जोर लावावा लागतो आणि गाडी उशिरा थांबते. बेत रद्द केला. तिसऱ्या गॅरेजच्या वृद्ध मिस्त्रींना "शीळ घालवा" असे न सांगता, शीळ केव्हा वाजते आणि केव्हा बदलते ते सांगितले. ते थेट बूस्टरकडेच वळले. मागच्या सीलमधून हवा शिरत होती. बूस्टर बदलला आणि शीळ थांबली.

पुढच्या रविवारी ओंकारेश्वर झाले. उतरवलेला तो जुना पट्टा अजून डिकीत आहे. त्यात काहीच दोष नव्हता.