शेगडी घरची, धूर गांवाचा

आपल्या घरांत आपण अग्नि पेटवावा, त्यास नगरपालिकेची अनुज्ञा कशास हवी, असा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत येईल. ज्यांचीं मुलें आज इंग्लंडांत स्थायिक झालीं आहेत, अशा आमच्या कित्येक स्नेह्यांनीं तो आम्हांस विचारलाहि आहे. त्या थंड देशांतील जुन्या घरांत दिवाणखान्याच्या भिंतींत एक कोनाडेवजा शेगडी असते. तिच्यावर दगडी फळी, फळीवर घड्याळ नि छायाचित्रें, आणि भिंतीच्या पोटांतून थेट छपरावर गेलेलें धुरांडें. आतां नळांतून फिरणाऱ्या ऊन पाण्यानें घरें उबविलीं जात असल्यामुळें यांपैकीं अनेक शेगड्या विटांनीं चिणून टाकलेल्या असतात. घर विकत घेणाऱ्या तरुण दांपत्यास तें चिणलेलें तोंड पुन्हां उघडावें, हिवाळ्याच्या संध्याकाळीं मुलांना घेऊन जळत्या लांकडांसमोर बसावें, असा मोह पडणें साहजिक आहे. परंतु तो मोह पुरवावयाचा तर वाटेंत अर्ज, तपासणी व दाखला असे तीन मुक्काम लागतात. ही अट जाचक कीं हितकर, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

इंग्लंडांत राजसत्तेची दृष्टि शेगडीवर एकदां पडली ती पैशासाठीं. १६६२ सालीं, दुसऱ्या चार्ल्स राजाच्या कारकीर्दींत, दर शेगडीमागें वर्षास दोन शिलिंग कर बसला. कर घेणारा माणूस घरांत शिरून शेगड्या मोजी, हें लोकांस फार झोंबलें, व १६८९ सालीं तो कर रद्द झाला. मध्यंतरीं १६६६ च्या सप्टेंबरांत पुडिंग लेन नांवाच्या गल्लींत एका पाववाल्याच्या घरीं लागलेल्या आगीनें चार दिवसांत लंडनचीं सुमारें १३,२०० घरें व ८७ चर्चें भस्मसात् केलीं. पुढल्याच वर्षीं कायदा झाला कीं त्या नगरांत नवीं घरें लांकडाचीं न बांधतां विटांचीं वा दगडांचीं बांधावीं. शेजाऱ्याच्या विस्तवावर आपलें छप्पर अवलंबून असतें, हा धडा त्या नगरानें अशी जबर किंमत देऊन घेतला.

आगीचा धडा चार दिवसांत मिळाला. धुराचा मिळण्यास आणखी जवळजवळ तीनशें वर्षें जावीं लागलीं. १९५२ च्या डिसेंबरांत, ५ पासून ९ तारखेपर्यंत, लंडनचा वारा पडला आणि जमिनीजवळच्या थंड हवेवर ऊबदार हवेचें जणूं झांकण बसलें. घरोघरच्या शेगड्यांतून व वीजकेंद्रांतून निघालेला दगडी कोळशाचा धूर वर जाऊं शकेना. धुकें व धूर यांचें असें दाट मिश्रण झालें कीं बसगाड्यांपुढें माणसें दिवे घेऊन चालत. त्यांत सुमारें चार हजार माणसें दगावलीं असा त्या वेळचा अंदाज होता. मागाहून झालेल्या संशोधनानें तो आंकडा बारा हजारांच्या घरांत नेला. यांत कोणीं कोणाचा जीव घ्यावयाचें योजिलें नव्हतें. ज्यानें त्यानें आपापल्या घरीं, आपल्या मुलाबाळांसाठीं, एक शेगडी पेटविली होती इतकेंच. त्या अनर्थानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला व धूरनियंत्रित विभाग ठरविण्याचा अधिकार नगरपालिकांस मिळाला. पुढें १९९३ सालीं हीं सर्व कलमें एका नव्या कायद्यांत एकत्र केलीं गेलीं.

आजची रीत अशी आहे. नवी शेगडी किंवा लांकडाचा स्टोव्ह बसविणें, अथवा जुन्या धुरांड्यास आंतून नवें अस्तर घालणें, हें इंग्लंडांत नगरपालिकेस कळविलेंच पाहिजे असें काम मानलें जातें. त्यास दोन मार्ग आहेत. एक, काम आरंभण्यापूर्वीं बांधकाम-नियंत्रण खात्याकडे अर्ज करून फी भरावी. त्यांचा निरीक्षक काम पाहून दाखला देतो. दुसरा, 'हेटास'सारख्या मान्य योजनेंत नोंदलेल्या कारागिराकडून काम करवावें. तो आपल्या कामाची ग्वाही स्वतःच देतो व ३० दिवसांच्या आंत ती नगरपालिकेकडे पोंचते. पुढें घर विकतांना घेणाऱ्याचा वकील हाच कागद मागतो. इमारत ऐतिहासिक म्हणून नोंदलेली असेल तर तिची संमति निराळी घ्यावी लागते, आणि ती न घेतां फेरफार करणें हा गुन्हा होय.

दाखला मिळाला म्हणून वाटेल तें जाळतां येतें असेंहि नाहीं. धूरनियंत्रित विभागांत, आणि लंडनचा बराच मोठा भाग त्यांत मोडतो, उघड्या शेगडींत लांकूड जाळण्यास मनाई आहे. तेथें धूर न करणारें मान्य इंधनच चालतें. लांकूडच जाळावयाचें तर अशा विभागासाठीं मान्य केलेला, बंद दाराचा स्टोव्ह पाहिजे. २०२१ च्या पर्यावरण कायद्यानें धुराबद्दल १७५ ते ३०० पौंड दंड करण्याची सोय केली आहे. त्याच वर्षापासून, किरकोळ प्रमाणांत विकल्या जाणाऱ्या सरपणांत २० टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा, असाहि नियम लागू झाला.

मोजमापें तर याहून काटेकोर आहेत. शेगडीच्या कोनाड्यापुढें ५०० मिलिमीटर व दोहों बाजूंस १५० मिलिमीटर पुढें आलेला, १२५ मिलिमीटर जाडीचा, न जळणाऱ्या द्रव्याचा ओटा असावा. धुरांड्याचें तोंड आढ्याजवळ असेल तर तें आढ्याहून निदान ६०० मिलिमीटर उंच असावें. हे आंकडे वाचून कोणास हंसूं येईल, पण आपणांस तरी तें शोभणार नाहीं. आपल्या शुल्बसूत्रकारांनीं दोरी घेऊन अग्नीच्या जागा आंखल्या: गार्हपत्य वर्तुळाकार, आहवनीय चौकोनी, दक्षिणाग्नि अर्धवर्तुळाकार, आणि तिहींचें क्षेत्रफळ समान. अग्नि घरांत आणावयाचा तो मोजलेल्या जागीं, ही कल्पना आपल्याकडे मुळींच परकी नाहीं. त्यांचीं मापें श्रद्धेचीं होतीं, हीं उष्णतेचीं व हवेचीं आहेत, एवढाच भेद.

या नियमांत जीव किती आहे याचा प्रत्यय आमच्या कुटुंबासच आला. आमच्या पुतण्यानें लंडनच्या एका उपनगरांत शंभराहून अधिक वर्षांचें, भिंतीस भिंत लागलेल्या ओळींतील घर घेतलें. एक गंवडी म्हणाला, "कागदपत्रांच्या भानगडींत कशाला पडतां? दोन दिवसांत विटा काढून स्टोव्ह बसवून देतों." फी वांचत होती, हिवाळा तोंडावर आला होता, आणि पुतण्याचें मन वळलें होतें. सूनबाईंनीं मात्र हट्ट धरला कीं नोंदलेला कारागीर आल्यावांचून वीट हलवावयाची नाहीं. तो आला. त्यानें धुरांडें झाडून खालून नुसता परीक्षेचा धूर सोडला आणि वरचें तोंड बंद केलें. थोड्याच वेळांत माडीवरच्या खोलींत, जेथें त्यांचें दोन वर्षांचें बाळ निजत असे, भिंतीच्या फटींतून तो धूर येऊं लागला. धुरांड्याच्या आंतील गिलावा जागोजाग झडला होता. काम दोन महिने लांबलें, पोलादी अस्तर घालण्याचा मोठा खर्च आला, आणि त्यानंतरच स्टोव्ह पेटला. हें सारें सूनबाईंनीं आम्हांस फोनवर सांगितलें, तेव्हां आम्हांस क्षणभर शब्द सुचेना.

कारण खरें भय धुराचें नाहींच. नैयायिक पर्वतावरील धूर पाहून अग्नीचें अनुमान करतो; त्याच्या हातीं कांहीं खूण तरी असते. पण हवा अपुरी पडून इंधन अर्धवट जळलें म्हणजे जो कार्बन मोनॉक्साइड वायु निघतो, त्यास ना रंग, ना वास. रक्तांतील ज्या द्रव्यास प्राणवायु चिकटावयाचा, त्यास हा दोनशेंहून अधिक पट आसक्तीनें चिकटतो, आणि निजलेला माणूस जागा न होतांच जातो. येथें डोळे व नाक हीं दोन्ही प्रमाणें निरुपयोगी ठरतात. म्हणूनच नव्या स्टोव्हबरोबर धोक्याची घंटा बसविणें सक्तीचें आहे. ती स्टोव्हपासून एक ते तीन मीटर अंतरावर असावी, आणि छतावर लावल्यास कोणत्याहि भिंतीपासून ३०० मिलिमीटर दूर असावी, असें मार्गदर्शक पुस्तिकेंत सांगितलें आहे.

यावर आक्षेप येतात ते सर्वस्वीं खोटे नव्हेत. प्रामाणिक माणूस फी भरून आठवडेच्या आठवडे खोळंबतो, आणि चुकविणारा खुशाल जाळीत बसतो. शिवाय मान्य स्टोव्हमधूनहि सूक्ष्म कण बाहेर पडतातच. दाखल्यानें धुराचें अमृत होत नाहीं. दम्याचा शेजारी असेल तर लांकूड न जाळणेंच उत्तम, असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु चुकविणारा केवळ नगरपालिकेस चुकवीत नाहीं. भिंतीपलीकडे निजलेल्या माणसास त्यानें कांहीं विचारलेलें नसतें. परवान्याच्या रूपानें तो प्रश्न त्याच्या वतीनें नगरपालिका विचारते.

म्हणून ज्यांचीं लेकरें त्या देशांत आहेत, त्या वाचकांनीं व वाचकभगिनींनीं शेगडीची गोष्ट निघाली तर चार प्रश्न अवश्य विचारावे. आपला विभाग धूरनियंत्रित आहे काय? कारागीर नोंदलेला आहे काय? घंटा लागली काय? आणि धुरांडें वर्षांतून एकदां तरी झाडलें जातें काय? दाखल्याविना काम आधींच झालें असेल तरी घाबरूं नये. मागाहून तपासणी करवून नगरपालिकेकडून तें नियमित करून घेण्याची वाट आहे. मात्र ती तपासणी होईपर्यंत शेगडींत काडी लावूं नये. एका हिवाळ्याची ऊब गेली तरी चालेल.