हुकूम राखायचा की खेळायचा?

मेंढीकोट खेळणाऱ्या घरात लहानपणीच शिकवण मिळते : हुकूम जपून ठेव, वेळेला उपयोगी पडेल. मग ते घर जबलपूरचे असो वा जळगावचे. ब्रिजमध्ये बचाव करताना मात्र हीच सवय कित्येकदा डाव घालवते.

(पत्त्यांना रिकामपणाचा उद्योग म्हणणाऱ्यांना जरूर सांगा : २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांत साठ वर्षांचे प्रणव बर्धन व छप्पन्न वर्षांचे शिवनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक पटकावले!)

समजा, प्रतिस्पर्ध्याने आधी इस्पिकची बोली दिली, मग बदामची. त्याचा जोडीदार पुन्हा इस्पिकवर आला. म्हणजे जोडीदाराकडे बदाम थोडेच असणार. हा जोडीदार पाने उघडी मांडतो, तीच डमी. तुमच्या हाती बदामचा एक्का, राणी, दश्शी आहे. प्रतिस्पर्ध्याचा बेत उघड आहे : हलके बदाम डमीच्या हुकमाने मारायचे. म्हणून पहिली उतारी इस्पिकचीच करा. प्रत्येक फेरीत डमीचा एक हुकूम खर्ची पडेल.

डमी दिसली की मोजदाद सुरू. इस्पिक एकूण तेरा. बोलीवरून त्याच्याकडे पाच, डमीत तीन, तुमच्याकडे दोन. उरलेले तीन तुमच्या जोडीदाराकडे. म्हणजे हात मिळताच तोही हुकूम परत खेळू शकेल. चारही रंग मोजणे नवशिक्याला झेपत नाही. हुकूम आणि बदाम मोजा, पुष्कळ झाले.

मात्र डमीत एखादा लांब, भारी रंग असेल, तर हुकमाच्या नादी लागू नका. प्रतिस्पर्धी स्वतःच हुकूम काढील आणि त्या रंगावर हलकी पाने टाकून मोकळा होईल. अशा वेळी आपले हक्काचे हात आधी करून घ्यावेत.