जुन्या स्पोर्ट्स मोटारी : आधी इतिहास तपासा, मग इंजिन

जुन्या स्पोर्ट्स मोटारींचा संग्रह ही श्रीमंतांची चैन मानली जाते. मात्र, या छंदात पैशाइतकीच पारखही लागते. अमेरिकी आणि इटालियन मोटारी शेजारी उभ्या केल्या, तर पारखण्याचे निकष किती भिन्न आहेत, हे ध्यानात येते. १९६० च्या दशकातील शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे आणि फेरारी २७५ जीटीबी ही त्याची बोलकी उदाहरणे होत.

१९६३ या एका वर्षात २१,५१३ स्टिंग रे तयार झाल्या. त्यांपैकी बंद टपाच्या १०,५९४ गाड्यांची मागची काच मधोमध उभ्या पट्टीने दुभागलेली होती. या पट्टीमुळे मागचे नीट दिसत नाही, असा अभियंता झोरा आर्कस-डंटोव्ह यांचा आक्षेप होता. रचनाप्रमुख बिल मिचेल मात्र तिच्यासाठी आग्रही होते. अखेर १९६४ च्या गाडीतून ती वगळण्यात आली. त्या काळी काही मालकांनी जुन्या गाडीलाही एकसंध काच बसवून घेतली. आज संग्राहक जादा पैसे मोजतात, ते नेमके त्याच पट्टीसाठी!

कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची असल्याने ती गंजत नाही. तिच्याखालची पोलादी चौकट मात्र गंजते, म्हणून आधी ती तपासावी. तिचे ५.४ लिटरचे व्ही-८ इंजिन शेव्हरोलेने १९५५ मध्ये आणलेल्या आणि पुढे अनेक दशके बनविलेल्या इंजिनांच्या कुळातले. त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात आणि दुरुस्तीचा खर्च आवाक्यात राहतो.

फेरारीची तऱ्हा निराळी. २७५ जीटीबीचा आकार पिनिनफारिनाचा, तर बॉडी मोडेना येथील स्काग्लिएत्ती यांच्या कारखान्यातली. १९६६ मध्ये आलेल्या २७५ जीटीबी/४ च्या सुमारे ३३० गाड्याच बनल्या. तिचे ३.३ लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन ३०० अश्वशक्ती देते. त्यावरील सहा वेबर कार्बोरेटरचा मेळ जमविणे हे जाणत्या हातांचेच काम. पत्रा हाताने ठोकून घडविलेला असल्याने एका गाडीचा दरवाजा दुसरीला जसाच्या तसा बसेल, याची शाश्वती नसते. खरेदीची किंमत हा येथे खर्चाचा केवळ पहिला हप्ता ठरतो.

अस्सलपणाची परीक्षाही दोहोंत वेगळी आहे. कॉर्व्हेटसारखी इंजिने विपुल असल्याने बदललेल्या इंजिनावर नवा क्रमांक ठोकून ते मूळचे म्हणून खपविणे तुलनेने सोपे असते. म्हणूनच जाणकार नुसता क्रमांक वाचत नाहीत. तो जेथे कोरलेला असतो, त्या धातूवर कारखान्यातील यंत्राच्या मूळ रेघा शाबूत आहेत का, हेही पाहतात. फेरारीच्या बाबतीत मारानेल्लो येथील कंपनीचा 'क्लासिके' विभाग चासी, इंजिन व गिअरबॉक्स आपल्या दप्तराशी ताडून प्रमाणपत्र देतो. शिवाय मालकांची सलग परंपरा आणि शर्यतींतील कामगिरी यांवरही गाडीचे मोल ठरते.

दुर्मीळतेचे मोल किती वाढू शकते, हे २०१३ मध्ये दिसले. अमेरिकेतील फेरारीचे विक्रेते लुईजी किनेत्ती यांच्या आग्रहावरून २७५ जीटीबी/४ च्या उघड्या टपाच्या केवळ दहा गाड्या बनल्या होत्या. त्यांपैकी एक कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील लिलावात २ कोटी ७५ लाख डॉलरला विकली गेली.

अर्थात, अशी किंमत हा अपवाद. तिच्याकडे पाहून गुंतवणूक करणे धोक्याचे. गाडी रस्त्यावर काढून तिचा आनंद लुटायचा असेल, तर कॉर्व्हेट अधिक सोयीची. कारागिरीचे अप्रूप आणि ते जपण्याची ऐपत असेल, तर फेरारीला पर्याय नाही. मात्र, दोन्ही बाबतींत एक पथ्य सारखेच आहे. उडालेला रंग पुन्हा देता येतो, थकलेले इंजिन पुन्हा बांधता येते. पण हरवलेला किंवा बनावट इतिहास कोणत्याही वर्कशॉपमध्ये दुरुस्त होत नाही.